एकेका रेणूची मोजदाद

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रिया करून ती ग्रंथी काढून टाकली, की पुढची काही वर्षं रुग्ण ठरावीक अंतराने 'पीएसए' या प्रोस्टेटच्या प्रथिनाची रक्ततपासणी करून घेतो. सगळं ठीक असेल तर रिपोर्टवर नेमका आकडा नसतोच. बऱ्याचदा '०.१ पेक्षा कमी' एवढंच छापलेलं असतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्या 'पेक्षा कमी'चा अर्थ रक्तात पीएसए नाही असा होत नाही. यंत्राला त्याखालचं दिसत नाही, एवढाच होतो. कोणाचा आकडा तळाशी स्थिर आहे आणि कोणाचा हळूहळू वर चढतो आहे, हे त्या दोन शब्दांआड झाकलेलं राहतं.

२०१० साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात मिलिलिटरमागे १४ फेम्टोग्रॅम इतक्या खालपर्यंतचं पीएसए त्यात मोजून दाखवलं होतं. एक फेम्टोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जांश भागाचा पुन्हा दहा लाखावा हिस्सा. रिपोर्टवरचा ०.१ हा आकडा नॅनोग्रॅमचा असतो. तोच फेम्टोग्रॅममध्ये मांडला तर एक लाख होतो. अशा रिपोर्टला एक लाखाच्या खाली जिथे अंधार दिसतो, तिथे चौदापर्यंत उजेड पडला.

हा उजेड पाडणारी पद्धत ज्यांच्या प्रयोगशाळेत घडली, त्या डेव्हिड वॉल्ट यांचं नाव आपल्याकडे रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नाही. त्यांचे शोधनिबंध कालानुक्रमे वाचत गेलं की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. या माणसाचे प्रश्न दर काही वर्षांनी बदलले: आधी पाण्याची आम्लता, मग भूसुरुंगांचा वास, मग जनुकांतले फरक, शेवटी रक्तातली प्रथिनं. हातातलं साधन मात्र जवळजवळ तेच राहिलं. केसासारख्या बारीक काचतंतूंची एक जुडी.

काचतंतूच्या टोकावर

वॉल्ट यांचा जन्म १९५३ सालचा, डेट्रॉइटचा. मिशिगन विद्यापीठातून १९७४ साली पदवी, स्टोनी ब्रुक इथून १९७९ साली पीएच.डी. त्यांचं शिक्षण विश्लेषण-रसायनाचं नव्हतं. सेंद्रिय रसायन आणि औषधशास्त्र हे त्यांचे विषय. पुढे एमआयटीत जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्याकडे पोस्टडॉक करताना ते एन्झाइमच्या मदतीने एनएडी हा पेशींना लागणारा रेणू तयार करण्याच्या कामात होते. १९८१ साली बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात ते शिकवायला लागले आणि पस्तीसहून अधिक वर्षं तिथेच राहिले.

एन्झाइमवर काम करणारा माणूस काचतंतूकडे वळला, त्यामागे त्या काळाचं एक वेड होतं. काचतंतूतून प्रकाश दूरवर नेता येतो हे दूरसंचारवाल्यांनी सिद्ध केलं होतं. त्याच तंतूच्या टोकावर एखादा रंगरेणू चिकटवला तर? प्रकाश तंतूतून जाईल, टोकावरचा रंगरेणू चमकेल, आणि ती चमक त्याच तंतूतून परत येईल. भोवतालची आम्लता बदलली की चमक कमी-जास्त होईल. म्हणजे नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणायला नको. प्रयोगशाळाच नमुन्यापर्यंत पोचवता येईल. रासायनिक संवेदक म्हणजे हेच: रसायनाची ओळख पटवणारा एक थर, आणि ती ओळख प्रकाशाच्या किंवा विजेच्या खुणेत बदलून आपल्यापर्यंत पोचवणारी एक वाट. १९८६ साली वॉल्ट यांच्या गटाने लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसह तंतूच्या टोकावर बहुवारिकाचा थर वाढवून पीएच मोजणारा असा संवेदक प्रसिद्ध केला.

अडचण अशी की एका तंतूने एकच गोष्ट मोजायची. दहा गोष्टी मोजायच्या तर दहा तंतू. इथे वॉल्ट यांना एंडोस्कोपीत वापरतात तसली काचतंतूंची जुडी उपयोगी पडली. मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जाडीच्या एका दोऱ्यात काही हजार सूक्ष्म तंतू एकमेकांना वितळवून जोडलेले असतात आणि प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेतो. १९९१ साली स्टीव्हन बर्नार्ड या विद्यार्थ्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अशा एकाच जुडीच्या टोकावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळे संवेदक बसवता येतात आणि पलीकडच्या टोकाला कॅमेरा लावला की सगळे एकदम वाचता येतात.

कुत्र्याच्या नाकाशी स्पर्धा

त्याच टफ्ट्समध्ये, वैद्यकीय विभागात, जॉन कॉअर नावाचे मज्जाशास्त्रज्ञ सॅलमँडरच्या मेंदूचा अभ्यास करत होते. वास आला की मेंदूतल्या गंधकेंद्रात कुठे कुठे हालचाल होते, हे ते खास रंगद्रव्यं वापरून पाहत. त्यांना जे दिसत होतं ते रसायनशास्त्राच्या रूढ समजुतीला धक्का देणारं होतं.

चांगला संवेदक म्हणजे एकाच पदार्थाला प्रतिसाद देणारा, बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष करणारा, अशी समजूत असते. नाक तसं काम करत नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात आणि आपण त्याहून कितीतरी अधिक वास ओळखतो. एकेक ग्राहक अनेक रेणूंना थोडाफार प्रतिसाद देतो, एकेक रेणू अनेक ग्राहकांना जागं करतो. ओळख पटते ती त्या सगळ्यांच्या मिळून झालेल्या नक्षीवरून. अनेक ढोबळ साक्षीदारांच्या जबान्या एकत्र वाचायच्या, असं हे काम. ही कल्पना यंत्रात उतरवण्याचा प्रयत्न आधी झाला होता. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसॉड आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ सालीच 'इलेक्ट्रॉनिक नाका'चा पाया घातला होता.

वॉल्ट आणि कॉअर यांनी १९९६ साली 'नेचर'मध्ये आपलं प्रकाशावर चालणारं नाक मांडलं. 'नाइल रेड' नावाचं रंगद्रव्य त्यांनी निरनिराळ्या बहुवारिकांत मिसळून काचतंतूंच्या टोकांवर बसवलं. या रंगद्रव्याची चमक भोवतालच्या ध्रुवीयतेनुसार बदलते. वाफेचा झोत आला की काही बहुवारिकं फुगतात, काही फारशी हलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक टोकाची चमक आपापल्या चालीने चढते आणि उतरते. हे सगळं काही सेकंदांत होतं. त्या वक्ररेषांचा संच संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला शिकवला की ते वाफ ओळखू लागतं.

अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन खात्याला, म्हणजे 'डार्पा'ला, तेव्हा भूसुरुंग शोधणारं यंत्र हवं होतं. आपल्याला भूसुरुंग म्हटलं की गडचिरोलीच्या रस्त्यांवर गेलेले पोलीस आठवतात. जगात युद्ध संपून गेल्यावरही शेतात, पायवाटांवर माणसं असल्या सुरुंगांनी मरत होती. धातुशोधकाला प्लास्टिकचे सुरुंग सहजी सापडत नाहीत, कुत्र्याला सापडतात. सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाची वाफ फार थोडी असते, पण त्यात भेसळीसारखं उरलेलं डीएनटी जास्त उडतं आणि त्याचा माग लागू शकतो. वॉल्ट यांच्या गटाने डीएनटीची वाफ झपाट्याने ओळखून दाखवली.

पण प्रयोगशाळेतली स्वच्छ हवा वेगळी आणि माळरानावरची वेगळी. ओल, ऊन, माती, कुजलेला पाला, या सगळ्याचे वास त्यात मिसळलेले. शिवाय संवेदक जुना होतो, त्याची चमक मंदावते, मग शिकवलेलं सगळं वाया जातं. नवा बसवला तर तो हुबेहूब पहिल्यासारखा नसतो, पुन्हा शिकवणी. आजही सुरुंग हुंगायला कुत्रे लागतात आणि 'अपोपो' या संस्थेने तयार केलेले आफ्रिकेतले मोठे उंदीर लागतात. कुत्र्याची जागा यंत्राने घेतली नाही. पण 'हुबेहूब सारखे संवेदक हजारोंनी कसे बनवायचे?' या अडचणीने जे उत्तर काढायला लावलं, ते सुरुंगांपेक्षा फार दूरवर पोचलं.

खळगे आणि मणी

काचतंतूच्या प्रत्येक धाग्यात दोन काचा असतात: आतला गाभा आणि बाहेरचं आवरण. गाभ्याच्या काचेत जर्मेनियमचं ऑक्साइड मिसळलेलं असतं, त्यामुळे आम्लात ती आवरणापेक्षा लवकर विरघळते. जुडीचं टोक आधी बारीक आणि आणखी बारीक कागदावर घासून आरशासारखं चकचकीत करायचं. मग ते थोडा वेळ हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या द्रावात बुडवायचं. गाभा खरवडला जातो, आवरण उभं राहतं, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला काही मायक्रोमीटर व्यासाचा एक खळगा तयार होतो. हजारो तंतू, हजारो खळगे, सगळे एका मापाचे. पॉल पँटानो आणि वॉल्ट यांनी १९९६ साली असे खळगे करून दाखवले.

दुसऱ्या बाजूला परीक्षानळीत त्याच मापाचे गोल मणी तयार करायचे. एका नळीत एकाच प्रकारचे अब्जावधी मणी होतात, आणि एका घाण्यातले म्हणून सगळे सारखे. निरनिराळ्या नळ्यांतले मणी पाण्यात एकत्र कालवून त्या टोकावर एक थेंब ठेवायचा. पाणी सुकत जातं तसे मणी खळग्यांत ओढले जातात. आप्पेपात्रावर बोरं ओतावीत आणि प्रत्येक खळग्यात नेमकं एकेक बसावं, तसं. उरलेले मणी ओल्या बोळ्याने पुसून टाकायचे. मग जुडीच्या दुसऱ्या टोकाला सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा लावायचा: प्रत्येक मण्याची चमक त्याच्याच तंतूतून कॅमेऱ्यापर्यंत येते.

या पद्धतीत कोणता मणी कुठे बसला हे कोणालाच ठाऊक नसतं. वॉल्ट यांच्या गटाने १९९८ साली 'ॲनालिटिकल केमिस्ट्री'त जो निबंध छापला, त्याचं सगळं सामर्थ्य इथे आहे. त्यांनी मणी जागेवर नेऊन बसवण्याचा खटाटोपच सोडून दिला. मणी वाटेल तिथे बसू द्या, नंतर त्यांनाच विचारा तू कोण म्हणून. मण्यात आधीच खुणेचे रंग भरता येतात. नाकासाठी वापरायचे मणी तर ओळखीच्या एका वाफेला देतात त्या प्रतिसादावरूनच आपली ओळख सांगतात. आणि एकाच प्रकारचे पुष्कळ मणी असल्याने एखादा बिघडला तरी बाकीच्यांची सरासरी काम भागवते.

मण्यावर रंगद्रव्याऐवजी डीएनएचा तुकडा बसवला, की हेच नाक जनुकं वाचू लागतं. १९९८ च्या एप्रिलमध्ये या तंत्रावर 'इल्युमिना' ही कंपनी सुरू झाली. वॉल्ट, लॅरी बॉक, जॉन स्टुल्पनॅगल, अँथनी झार्निक आणि मार्क ची हे तिचे संस्थापक. तंत्राचा परवाना टफ्ट्सचा. हजारो प्रकारचे मणी ओळखायला खुणेचे रंग पुरत नव्हते, म्हणून तिथे फेऱ्यांची युक्ती निघाली. प्रत्येक फेरीत मणी लाल, हिरवा किंवा अंधारा दिसेल असं करायचं. तीन अवस्था आणि आठ फेऱ्या एवढ्यावरच ६,५६१ वेगवेगळ्या ओळखी मिळतात.

माणसामाणसांतले डीएनएचे फरक नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय 'हॅपमॅप' प्रकल्पात या मण्यांनी मोठं काम उचललं. पुढे काचतंतूंच्या जागी खळगे कोरलेल्या सिलिकॉनच्या चिप आल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत लाखो माणसांचे, तसेच गाई-म्हशींचे आणि पिकांचे नमुने त्यांवर तपासले गेले. इल्युमिनाचं नाव आज ज्या डीएनए-वाचनासाठी घेतलं जातं, ते तंत्र मात्र वॉल्ट यांचं नाही. केंब्रिजमधले शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांचं ते काम. त्यांची 'सोलेक्सा' कंपनी इल्युमिनाने २००७ साली विकत घेतली. तेवढी मोठी झेप घेण्याइतकं बळ कंपनीत आलं, ते आधी या मण्यांमुळे.

रिकाम्या खळग्यांचा उपयोग

एवढं यश मिळाल्यावर बहुतेक माणसं मण्यांचीच नवनवी रूपं काढत बसली असती. वॉल्ट यांनी मणी बाजूला ठेवले आणि रिकाम्या खळग्याकडे पाहिलं. असा एक खळगा सुमारे ५० फेम्टोलिटरचा. त्यात एन्झाइमचा एकच रेणू कोंडला तर?

एलायझा ही रक्ततपासणीची जुनी, भरवशाची पद्धत. हव्या त्या प्रथिनाला प्रतिपिंडाने धरायचं, त्यावर एन्झाइमची खूण लावायची, मग एन्झाइम ज्याला चमकवतं असा पदार्थ घालायचा. चमक जितकी जास्त तितकं प्रथिन जास्त. पण ही चमक १०० मायक्रोलिटर द्रवात पसरते. रेणू थोडे असतील तर एवढ्या द्रवात त्यांचा मागमूस राहत नाही. खळगा त्या १०० मायक्रोलिटरपेक्षा दोन अब्जपट लहान आहे. तिथे एकाच एन्झाइम-रेणूने चमकवलेलं द्रव्य बाहेर जाऊ शकत नाही. अर्ध्याएक मिनिटात खळगा स्पष्ट उजळतो. बोरिस रोटमन यांनी १९६१ सालीच अतिसूक्ष्म थेंबांत एन्झाइमचे एकेकटे रेणू काम करताना पाहिले होते. वॉल्ट आणि डेव्हिड रिसिन यांनी २००६ साली हजारो खळग्यांत ते एकाच वेळी करून दाखवलं.

मोजण्याची रीतच यामुळे पालटली. नेहमीच्या पद्धतीत चमक किती हे मोजावं लागतं, आणि अगदी मंद चमक यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात हरवते. इथे प्रत्येक खळग्याला एकच प्रश्न: उजळला की नाही? हो किंवा नाही. समजा ५०,००० खळग्यांपैकी ५०० उजळले, तर शंभरात एक. रेणू विरळ असले की बहुतेक खळग्यांत शून्य आणि थोड्यांत एक असेच पडतात, आणि पॉयसाँच्या संख्याशास्त्राने त्यावरून मूळ नमुन्यातली संख्या काढता येते. एकेकटे रेणू पाहताना त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. एकाच एन्झाइमचे दोन रेणू सारख्या वेगाने काम करत नाहीत. काही चपळ, काही संथ, आणि तो स्वभाव बराच काळ टिकतो. सरासरी मोजणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

२००७ साली 'क्वांटेरिक्स' ही कंपनी निघाली आणि २०१० साली सुरुवातीला सांगितलेला पीएसएचा निबंध आला. मणी इथे पुन्हा हजर झाले. प्रतिपिंड लावलेले लाखो चुंबकीय मणी रक्तद्रवात सोडायचे. मणी रेणूंपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून एका मण्याला फार तर एक रेणू चिकटतो. मग मणी खळग्यांत बसवायचे, तेल पसरून खळगे बंद करायचे आणि उजळलेले मोजायचे. मिलिलिटरमागे १४ फेम्टोग्रॅम पीएसए म्हणजे साधारण अडीच लाख रेणू. आकडा मोठा वाटतो, पण त्याच मिलिलिटरात पाण्याचे रेणू तीनावर बावीस शून्यांहून अधिक असतात. नेहमीच्या एलायझाहून ही पद्धत सरासरी हजारपट संवेदनशील आहे.

चाचणीपासून निदानापर्यंत

या मोजदादीचा पहिला मोठा लाभ मेंदूच्या आजारांच्या रुग्णांना झाला. मज्जापेशी जखमी झाली की 'न्यूरोफिलामेंट लाइट' नावाचं प्रथिन तिच्या लांब तंतूतून बाहेर झिरपतं. पूर्वी ते मोजायचं तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागे, कारण रक्तात उतरणारं प्रथिन फारच थोडं. एकेका रेणूची मोजदाद शक्य झाली आणि ते साध्या रक्ताच्या नमुन्यात दिसू लागलं. त्यामुळे मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस, स्मृतिभ्रंश अशा आजारांत हजारो रुग्णांचा पुनःपुन्हा पाठपुरावा करता येऊ लागला. इतर कंपन्यांच्याही चाचण्या आल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एएलएसच्या एका आनुवंशिक प्रकारावर 'टोफर्सेन' या औषधाला त्वरित मान्यता दिली, ती रक्तातलं हे प्रथिन उतरल्याच्या आधारावर. रुग्णाच्या हातापायांतला फरक दिसायला वर्षं जातात, आणि या आजारात माणसाजवळ तेवढी वर्षं नसतात.

२०१७ साली, साठी उलटल्यावर, वॉल्ट टफ्ट्स सोडून बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. रसायनशास्त्राचा प्राध्यापक रुग्णालयात जाऊन बसला, याला अर्थ आहे. मोजायचं काय, हे रुग्णाजवळ राहिल्यावर जास्त कळतं. कोविडनंतर महिनोन्‌महिने बरं न वाटणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात विषाणूचं काटेरी प्रथिन वर्षभरापर्यंत फिरत असल्याचं त्यांच्या गटाने दाखवलं, आणि 'मनाचे खेळ' म्हणून हिणवल्या गेलेल्या त्रासाला एक मोजता येणारी खूण मिळाली. त्याआधी, २०१९ साली, ते आणखी एका कामात सहभागी होते: खोकला न थांबणाऱ्या माणसाच्या रक्तातली मोजकी प्रथिनं पाहून क्षयरोगाची शक्यता चटकन ठरवणं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. बेडका तपासून निदान व्हायला लागणारे दिवस, तोवर घरात पसरणारा आजार आणि बुडणारी रोजी आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. बोटाच्या टोकावरच्या थेंबात याचं उत्तर मिळेल अशी चाचणी आपल्याला सर्वांत आधी हवी.

आपल्याकडचं विश्लेषण-रसायन

असं काम आपल्याकडे होतच नाही असं नाही. आयआयटी मुंबईत व्ही. रामगोपाल राव आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्टीवर स्फोटकांचे रेणू बसले की पट्टीत होणारा बदल टिपण्याचं तंत्र विकसित केलं. त्यातून निघालेल्या 'नॅनोस्निफ' कंपनीचं स्फोटक-शोधक यंत्र २०२१ साली देशासमोर आलं. वॉल्ट यांना ज्या वासाने कामाला लावलं, तोच वास पवईतही कोणीतरी यंत्राला शिकवत होतं.

पण महाराष्ट्रातल्या शेकडो महाविद्यालयांत विश्लेषण-रसायनाची ओळख कशी होते? ब्युरेट, पिपेट, पायलट रीडिंग, तीन वेळा सारखं आलेलं ब्युरेटचं वाचन, जर्नलवर सही. एम.एस्सी.ला 'ॲनालिटिकल' घेणाऱ्याला सांगितलं जातं की तारापूर, लोटे, महाड, कुठेतरी कारखान्याच्या गुणवत्ता-तपासणीत (क्यूसीत) नोकरी पक्की. ती नोकरी सन्मानाची आहे. एचपीएलसी यंत्रासमोर उभ्या असलेल्या या मुलामुलींच्या भरवशावर आपण रोज गोळ्या गिळतो. मला सलतं ते वेगळंच. त्यांना मोजायला शिकवतात. मोजण्याची नवी रीत काढता येते, आणि ते रसायनशास्त्रातलं पहिल्या दर्जाचं सर्जनशील काम आहे, हे कोणी सांगत नाही. 'शोधमर्यादा', म्हणजे पद्धतीला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण, ही त्यांच्यासाठी व्हॅलिडेशनच्या कागदावर भरायची एक चौकट असते. वॉल्ट यांनी ती चौकट फोडण्यात आयुष्य घातलं.

त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि काचतंतूच हवेत असं नाही. कागदाच्या पट्टीवर पाण्यातलं फ्लोराइड ओळखणारा रंग बसवणं, ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणं, आणि त्याची शोधमर्यादा अर्ध्यावर आणायचा प्रयत्न करणं हे तालुक्याच्या महाविद्यालयातही होऊ शकतं. मराठवाड्यात आणि विदर्भात फ्लोराइडचं पाणी पिणारी गावं आहेत, म्हणजे प्रश्नही दाराशीच आहे. असा एक प्रकल्प प्रत्येक एम.एस्सी. विद्यार्थ्याने करावा आणि त्याचे गुण टायट्रेशनइतकेच मोजावेत.

आणि संशोधनाला पैसे देणाऱ्यांनीही या चरित्राकडे नीट पाहावं. तंतूच्या टोकावरच्या पहिल्या पीएच-संवेदकापासून पीएसएच्या निबंधापर्यंत २४ वर्षं गेली. मधल्या काळात ज्या नाकासाठी मूळ पैसे मिळाले होते, त्याने सुरुंग शोधण्याचं कुत्र्याचं काम घेतलं नाही. तीन वर्षांच्या अनुदानाच्या अखेरीस 'ठरलेलं उद्दिष्ट साध्य झालं का?' एवढाच रकाना असता, तर 'नाही' लिहून फाइल बंद झाली असती. खळगे, मणी आणि एकेका रेणूची मोजदाद त्या फाइलसोबतच गेली असती. चांगलं साधन हाती असलेल्या माणसाला प्रश्न बदलण्याची मोकळीक आणि पुरेशी वर्षं द्यायला हवीत. आपल्या विद्यापीठांत अशी माणसं आहेत. त्यांना त्या मोकळिकीची आणि त्या वर्षांची हमी हवी आहे.